मोटार जळलेली नव्हतीच

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातून माझ्याकडे दुरुस्तीला आलेलं वाफेच्या इंजिनाचं हे मॉडेल ओओ मापाचं (मॉडेल रेल्वेचं एक ठरलेलं माप) होतं. दोन रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर, पुरवठा १२ व्होल्ट डीसी आणि आत उघड्या चौकटीची तीन पोलची (फिरत्या भागावर तीन गुंडाळ्या असलेली) जुनी ब्रिटिश मोटार. तक्रार अशी की हातभर चालतं, मग नुसतं गुणगुणतं, तापतं आणि वास मारतं. आणणारे काका प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमधले निवृत्त फिटर, त्यामुळे निदान तयारच होतं: "मोटार जळली आहे, नवी टाका."

खोलण्याआधी चाकं अधांतरी ठेवून सिरीजमध्ये ॲमीटर लावला. १.१ अँपिअर! अशी मोटार मोकळी फिरताना अर्ध्या अँपिअरच्या आत राहायला हवी. पण एवढ्यावरून मोटारीला दोष देता येत नाही, चाकांना जोडणारे साइड रॉड अडकत असले तरी काटा असाच चढतो. म्हणून मोटार आणि चाकं आधी वेगळी करायची.

बॉडी पुढच्या एका स्क्रूवर आणि मागच्या खाचेवर बसलेली होती. हे प्लास्टिक पॉलिस्टायरीनचं असतं, थिनर किंवा पेट्रोल लागलं की विरघळतं. मोटारही मागच्या एकाच स्क्रूवर होती. तो काढून मोटार मागून उचलली की तिच्या दांड्यावरचा वर्म (स्क्रूसारखा आटे असलेला भाग) आसावरच्या गिअरमधून सुटतो. काकांचा आग्रह साइड रॉड आधी उतरवण्याचा होता. मोठ्या इंजिनावर ते चालेल. इथे रॉडच्या स्क्रूचे आटे प्लास्टिकच्या चाकात असतात, सैल झाले की पुन्हा धरत नाहीत. शिवाय चाक आसावर नुसतं दाबून बसवलेलं असतं. रॉड ओढताना ते जरा जरी फिरलं तरी दोन बाजूंच्या क्रँकमधला (चाकावर रॉड जिथे अडकतो त्या जागांमधला) ९० अंशांचा कोन बिघडतो आणि इंजिन प्रत्येक फेऱ्यात अडखळायला लागतं. रॉड तसेच ठेवून सांगाडा काचेवर ढकलला. अलगद घरंगळला. म्हणजे दोष मोटारीतच.

सुटी मोटार १२ व्होल्टवर लावली, तर ०.९ अँपिअर आणि शिट्टीसारखा आवाज. वेग हवा त्यापेक्षा बराच जास्त. जळलेली मोटार अशी पळत नाही. ब्रश (वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे) उचलून कम्युटेटरच्या, म्हणजे ते जिथे घासतात त्या फिरत्या तांब्याच्या तीन पट्ट्यांच्या, तिन्ही जोड्या मोजल्या: ८.२, ८.२, ८.३ ओहम. एखादी कॉइल तुटली असती तर एक जोडी बाकी दोघींच्या दुप्पट दिसली असती. शाफ्टला कुठे शॉर्ट नाही, ब्रशच्या स्प्रिंगवरची इन्सुलेशनची नळीही शाबूत. कम्युटेटरच्या फटींत कार्बन भरला होता, तो लाकडी टूथपिकने काढला (सुईने तांब्याला कंगोरे येतात) आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं. करंट जेमतेम ०.८ वर आला.

उरला चुंबक. त्याच्या स्क्रूची खाच कुरतडलेली होती, म्हणजे आधी कुणीतरी तो काढून पाहिला होता. हे चुंबक अल्निकोचे (ॲल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट असलेल्या मिश्रधातूचे) असतात. चौकटीतून बाहेर काढताना ध्रुवांवर लोखंडाचा तुकडा चिकटवून ठेवला नाही तर त्यांची ताकद तिथेच उतरते, पुन्हा जागेवर बसवून परत येत नाही.

फिरणारं आर्मेचर, म्हणजे गुंडाळ्यांचा भाग, उलटा व्होल्टेज तयार करतं आणि तोच करंटला आवर घालतो. चुंबक मंदावला की तेवढाच उलटा व्होल्टेज मिळवायला आर्मेचरला जास्त पळावं लागतं. करंट वाढतो, पण दर अँपिअरमागे जोर कमी मिळतो. गाडीचा भार आला की मोटार थबकते आणि ८ ओहमवर १२ व्होल्ट, म्हणजे जवळजवळ १८ वॅट, त्या इवल्याशा गुंडाळीत उष्णता होऊन बसतात. वास त्याचाच.

नवा निओडिमियम चुंबक बसवणारे बरेच आहेत. मला तो इथे पटत नाही. जास्त ताकदीचा घातला तर आर्मेचर पोलापोलाला अडतं आणि इंजिन हळू चालत नाही. मकरपुऱ्यात स्पीकरचे चुंबक चार्ज करणाऱ्याकडे मोटार जशीच्या तशी, चुंबक चौकटीतच ठेवून नेली. आधी होकायंत्राने ध्रुव पाहून चौकटीवर खूण केली होती. उलटा चार्ज झाला तर इंजिन उलट्या दिशेला धावतं.

परत आल्यावर मोकळी मोटार ०.३ अँपिअरवर, शिट्टी बंद. बसवताना वर्म आणि गिअरमध्ये पतंगाच्या कागदाची पट्टी ठेवून स्क्रू आवळला आणि पट्टी ओढून काढली. उरते तेवढी ढिलाई पुरेशी. बेअरिंगला सुईच्या टोकावरचा एकेक थेंब तेल, वर्मला प्लास्टिकला चालणारं ग्रीस. कम्युटेटरवर तेल अजिबात नको, कार्बनबरोबर त्याचा लगदा होऊन फटी पुन्हा भरतात. मग ६ व्होल्टवर दोन्ही दिशांना अर्धा-अर्धा तास फिरवलं.

आता ते चार डबे ओढतं आणि ०.५ अँपिअरच्या वर जात नाही. मागे जाताना थोडी घरघर आहे. गिअरचे दात एका बाजूने झिजले आहेत, पण तो बदलायचा तर चाक आसावरून उतरवावं लागेल, म्हणून काकांना विचारून तसाच ठेवला.