हजेरीपटावरच्या गाड्या

तुळशीची लग्नं लागली की त्यानंतरच्या रविवारी आमच्या जुन्या मोटारसायकलींच्या मंडळाचा मेळावा असतो. जागा ठरलेली, गोव्यात फोंड्याजवळच्या आमच्या शाळेचं पटांगण. सकाळी साडेसातला बांधावर धुकं असतं आणि त्यातून एकेक आवाज यायला लागतो. गाडी दिसायच्या आधीच ती कोणाची हे आम्हाला कळतं. दोन ठोक्यांच्या मध्ये दम घेत येणारी आमची बीएसए, तडतडत येणारी गुरुजींची जावा, आणि चढावर जराही घाई न करणारी पायलटभाऊंची बुलेट.

मंडळाचा नियम एकच आणि तो कडक आहे. गाडी स्वतःच्या चाकांवर यायला हवी. टेंपोतून उतरवलेल्या चकचकीत गाडीला आमच्याकडे चहा मिळतो, पण पटावर जागा मिळत नाही.

पट म्हणजे खराखुरा हजेरीपट. गुरुजी याच शाळेत शिकवायचे. निवृत्त होताना त्यांनी एक कोरा हजेरीपट मागून घेतला आणि त्यात गाड्यांची नावं घातली. नाव लिहिताना आजचा मालक कोण हे ते विचारत नाहीत. ही गाडी आधी कोणी चालवली, कशासाठी चालवली, हे विचारतात आणि त्या माणसाच्या नावानं ओळ लिहितात. नऊ वाजता सगळ्या गाड्या रांगेत उभ्या राहतात, इंजिनं बंद, आणि गुरुजी पायरीवरून पुकारतात, “डॉक्टरांची बीएसए!” मग गाडीनं उत्तर द्यायचं. सुरू झाली की हजर. एका किकमध्ये झाली तर गुरुजी चष्म्यावरून बघतात, आणि तेवढ्यानं माझे वर्षभराचे श्रम फिटतात.

डॉक्टर म्हणजे माझे बाबा. गाडी बीएसए एम-ट्वेंटी. बर्मिंगहॅमच्या या कंपनीचा मूळ धंदा बंदुकांचा, म्हणून टाकीवरच्या बिल्ल्यात तीन बंदुका एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या दिसतात. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यासाठी या मॉडेलच्या सव्वा लाखाहून जास्त गाड्या बनल्या. इंजिन ४९६ सीसीचं असूनही ताकद फक्त १३ अश्वशक्ती, त्यामुळे वेगाचं नाव काढायचं नाही. पण चिखलात, चढावर, मागे माणूस आणि औषधांची पेटी घेऊन ती खालच्या गियरमध्ये जशी ओढत जाते तशी ओढणारी दुसरी गाडी मी पाहिलेली नाही. गोवा मुक्त झाल्यावर बाबांनी ती बेळगावहून आणली, तेव्हाच जुनी होती. काळ्या रंगाचा टवका उडाला की आतून लष्करी हिरवा दिसतो. मी तो कधीच पुरा झाकला नाही.

शिरोड्याहून रायला फेरीबोटीनं पलीकडे जाऊन, रात्रीबेरात्री, बाबा या गाडीवरून बाळंतपणं करून आले आहेत. मागच्या मडगार्डवर डाव्या बाजूला बोटभर लांबीचे ओरखडे आहेत. त्यांच्या चामडी बॅगेचं बक्कल तिथं घासायचं. टाकीवरचं गुडघ्याचं रबर उजवीकडे गुळगुळीत झालंय, डावीकडचं अजून खरबरीत आहे, कारण बाबा गाडीवर किंचित कलून बसत. माणूस गेला तरी त्याची बसण्याची ढब गाडीत राहते, आणि आमच्या पटांगणात आम्ही दरवर्षी एकमेकांना या खुणा दाखवत फिरतो. रंग कुठला, पार्ट मूळ आहे की नाही, या गप्पा नंतर.

गाडी सुरू करणं हा एक विधीच. पेट्रोलचा कॉक उघडायचा. कार्बोरेटरवरचं बटण बोटाला पेट्रोल लागेपर्यंत दाबून धरायचं. हँडलच्या डाव्या बाजूला एक छोटी कांडी असते, बाबा तिला स्पार्कची कांडी म्हणत. ठिणगी लवकर पडावी की उशिरा हे तिच्यावर ठरतं, आणि सुरू करताना ठिणगी उशिरा हवी. मग किक हळूच दाबत जायची, पाय अडला की थांबायचं, व्हॉल्व्ह उचलणारा लिव्हर दाबून पिस्टन अलगद पुढे सरकवायचा, लिव्हर सोडायचा, आणि आता अंगाचा सगळा भार टाकून एकच किक. ठोके लागले की कांडी हळूहळू पुढे.

बाबा गेल्यानंतरच्या पहिल्या मेळाव्यात मी सगळं केलं आणि कांडी विसरले. ठिणगी वेळेआधी पडली, किक उलटी आली आणि नडगीवर असा फटका बसला की डोळ्यांपुढे काजवे चमकले. कोणी हसलं नाही. पायलटभाऊ आले, खाली बसून त्यांनी आपल्या नडगीवरचा जुना वण मला दाखवला आणि म्हणाले, “स्पार्क मागे घे, मग परत मार.” तिसऱ्या किकला ती बोलली. गुरुजींनी तोपर्यंत पेन उचललेलं नव्हतं.

पायलट हा शब्द गोव्याबाहेरच्यांना चकवतो. पुढचं मडगार्ड पिवळं रंगवलेल्या गाडीवरून एकेका प्रवाशाला मागे बसवून पोचवणारा तो आमचा पायलट. भाऊंनी फोंड्याच्या बसस्टँडवरून उभं आयुष्य बुलेट चालवली. शाळेची पोरं, नव्या नवऱ्या, बाजार करून परतणाऱ्या म्हाताऱ्या, सगळ्यांना तिनं घरी सोडलंय. मडगार्ड अजून पिवळंच आहे. पटावर त्यांची ओळ त्यांच्याच नावानं आहे, कारण त्या गाडीला दुसरा हात लागलेलाच नाही.

एका वर्षी बेळगावहून एक पाहुणे पहिल्या महायुद्धाच्या काळातली ट्रायम्फ मॉडेल एच घेऊन आले. घाटातून तिला चालवत आणणं शक्यच नव्हतं. पण आमचा नियम कळल्यावर त्यांनी ती खांडेपारला टेंपोतून उतरवली आणि तिथून चालवत आले. मागच्या चाकाला साखळीऐवजी पट्टा. दवानं पट्टा ओला होऊन घसरत होता, म्हणून वाटेत दोनदा थांबून त्यांनी तो धोतराच्या फडक्यानं पुसला. इंजिनाला तेलसुद्धा मधूनमधून हातपंपानं द्यावं लागे. त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी दिवा लावून दाखवला. दिव्याच्या खालच्या डबीत कार्बाइडचे खडे, वरून थेंब थेंब पाणी, त्यातून गॅस आणि गॅसची ज्योत. लसणासारखा तो उग्र वास पटांगणभर पसरला. आंबे पिकवायचं कार्बाइड ठाऊक असलेली पोरं डबीभोवती कोंडाळं करून बसली. एवढ्याशा पांढऱ्या ज्योतीच्या भरवशावर माणसं रात्री सैन्याचे निरोप पोचवायला युद्धभूमीवरून जात, हे ऐकून ती एकदम गप्प झाली.

दुपारी जेवण. भाजी-पाव, मिरचीची भजी, खतखतं, सोलकढी. मग कोणीतरी बोलायचं. गुरुजी नेहमी जावाबद्दल सांगत: चेकोस्लोव्हाकियातल्या जानेचेकनं १९२९ मध्ये वाँडरर या जर्मन कंपनीच्या मोटारसायकलचं काम हाती घेतलं आणि दोन्ही नावांची पहिली अक्षरं जोडून जावा झालं. पुढे म्हैसूरच्या कारखान्यातून ती आपल्याकडे आली. तिचा गियरचा लिव्हर फिरवला की त्याचीच किक होते, हे दाखवताना त्यांचा चेहरा फळ्यापुढे उभं असल्यासारखा खुलायचा.

पण माझ्या मनात राहिलंय ते इतिहासाच्या बाईंचं भाषण. त्यांनी ऑगस्टा आणि ॲडलिन व्हॅन ब्युरेन या बहिणींची गोष्ट सांगितली. १९१६ च्या जुलैमध्ये दोघी न्यूयॉर्कहून दोन इंडियन मोटारसायकलींवर निघाल्या आणि सप्टेंबरात पार पॅसिफिकच्या किनाऱ्याला पोचल्या. वाटेत १४,००० फुटांवरच्या पाइक्स पीकच्या माथ्यावर गाड्या नेल्या. काही गावांत त्यांना अटक झाली, कारण त्यांनी पुरुषी विजारी घातल्या होत्या. बायका सैन्यात निरोप्याचं काम करू शकतात हे त्यांना दाखवायचं होतं, आणि एवढं करूनही ॲडलिनचा अर्ज सैन्यानं नाकारला. बाई थांबल्या. बाबांच्या मागे पेटी मांडीवर धरून बसणारी माझी आई तेव्हा पहिल्या रांगेत होती. ती उठली, बीएसएजवळ गेली आणि सीटवर हात ठेवून उभी राहिली. घरी जाताना पहिल्यांदा म्हणाली, “मला शिकवायला सांगितलं असतं तर यांनी शिकवलं असतं गो. मीच कधी विचारलं नाही.”

एक वर्ष माझ्या ओळीपुढे ‘उशिरा’ असा शेरा आहे. ठिणगीसाठी वीज तयार करणाऱ्या मॅग्नेटोची कॉइल मी बाहेरगावी एका कारागिराकडे गुंडाळायला दिली होती. काम कच्चं निघालं. गार असताना ठिणगी उत्तम, इंजिन तापलं की गायब. म्हार्दोळच्या वळणावर गाडी बंद पडली, आणि अर्धा तास थांबून ती निवेपर्यंत काही करता येईना. पोचले तेव्हा साडेअकरा झाले होते. पट मिटलेला नव्हता. गुरुजींनी वेळ विचारून लिहिली.

गेल्या वर्षी गुरुजी आले नाहीत. गुडघे साथ देत नव्हते. जावा त्यांच्या नातीनं आणली आणि पट माझ्या हातात दिला. मी एकेक ओळ पुकारत गेले. “गुरुजींची जावा!” म्हटलं तेव्हा नातीनं आधी आजोबांना फोन लावला, तो सायलेन्सरजवळ धरायला मला सांगितलं आणि किक मारली. दुसऱ्या किकला गाडी सुरू झाली, निळसर धूर सुटला. फोनवर थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग गुरुजींचा आवाज आला.

“सायलेन्सरात कार्बन बसलाय गो. उद्या काढून साफ करायला सांग तिला. आणि लिही, हजर.”