इंदेनची किणकिण

१८ जानेवारी २०१९, न्याउंगश्वे

म्यानमारचं घड्याळ आपल्यापेक्षा एकच तास पुढे, तरी पहाटे उठणं जिवावर आलं. इनले सरोवर साधारण ९०० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे थंडी अशी की आत्याने सुटकेसमधल्या दोन्ही शाली बाहेर काढल्या. होडी लांबच लांब आणि अरुंद, एकामागे एक खुर्च्या. बोलायचं तर इंजिनाच्या फटफटाटावर ओरडून. त्यामुळे आम्ही गप्पच. एका पायाने वल्हं मारणारे इन्था कोळी, बांबू रोवून जागच्या जागी धरलेले टोमॅटोचे तरंगते वाफे, सगळं आत्याने मफलरच्या फटीतून पाहिलं.

मग पश्चिमेच्या ओढ्यात शिरलो. ओढ्याला ठिकठिकाणी बांबूचे बांध, मध्ये होडी जाईल एवढीच फट. नावाडी वेग वाढवतो आणि होडी त्या उसळत्या पाण्यातून वर चढते. दर बांधाला आत्या रामाचं नाव घेत होती.

इंदेन गावाच्या धक्क्यामागेच पहिले पडके स्तूप लागतात. इथे त्यांना जेदी म्हणतात. शब्द पालीतल्या ‘चेतिय’वरून आलेला, म्हणजे आपला चैत्यच. विटांचे, गिलावा सुटलेले, कुणी कलंडलेला, कुणाच्या पोटातून झाड उगवलेलं. एका कोनाड्याच्या वर चुन्यातली देवता होती. नाक झिजलेलं, पण गळ्यातल्या माळेचा मणी न् मणी शाबूत. मुळाचा बोटाएवढा फाटा तिच्या कानामागून खाली उतरला होता. मी तिथे निदान वीस फोटो काढले असतील. चपला बाहेरच, त्यामुळे तळपायाला विटांचे कपचे टोचत होते.

पुढे छप्पर घातलेला लांबलचक जिना, दोन्ही बाजूंना दुकानं, आणि टेकडीवर श्वे इंदेन हा स्तूपांचा समूह. १९९९च्या मोजणीत इथे १०५४ स्तूप भरले. बहुतेक सतराव्या-अठराव्या शतकातले. पहिला अशोकाने बांधला, ही दंतकथा आहे.

आणि वर पोचल्यावर माझा विरस झाला. कित्येक स्तूप नवेकोरे! सिमेंटचा गिलावा, वर सोनेरी रंग, खाली देणगीदारांच्या नावाच्या पाट्या. आपल्या देवळातल्या ‘यांच्या स्मरणार्थ’ फरश्यांसारख्या. जुन्याचा नाश केला म्हणून मी कुरकुरले. आत्या गुडघे चोळत म्हणाली, “पडलेलं घर बांधून काढतोच ना आपण? यांना तर त्याचं पुण्यही लागतं.” आणि नेमक्या सगळ्यात चकचकीत स्तूपासमोर हात जोडून उभी राहिली. मला उत्तर सुचलं नाही, अजूनही सुचलेलं नाही. जिथे लोक रोज फुलं वाहतात तिथे पडझड जपा म्हणून सांगणारी मी कोण? पण ती नाक झिजलेली देवता उद्या सिमेंटखाली गेली तर वाईट वाटेलच.

उतरल्यावर धक्क्याजवळ जेवलो. इथल्या शान लोकांचा टोफू सोयाबीनचा नसतो, हरभऱ्याच्या पिठाचा असतो, हे मला वाचून ठाऊक होतं. पण वाडग्यात शेवयांवर ओतलेला तो पिवळा, गरमागरम, सरसरीत प्रकार पाहून आत्या एवढ्या मोठ्यांदा “अगं, हे तर पिठलं!” म्हणाली, की मालकीणबाई चुलीपासून उठून आल्या. फोडणी हवी होती, हे आत्याचं मत तिने हातवाऱ्यांनी त्यांच्यापर्यंत पोचवलंसुद्धा. कितपत कळलं देव जाणे, पण दुसरा वाडगा आला.

आत्ता खोलीवर परत आल्यावर टेकडीवरचं रेकॉर्डिंग ऐकलं. वारा सुटला होता तेव्हा स्तूपांच्या शेंड्यांवरच्या घंट्या वाजत होत्या, ते मी फोनवर धरून ठेवलं होतं. मग लक्षात आलं, घंट्या लागतात शेंड्यावरच्या धातूच्या छत्रीला, म्हणजे थीला. मी धक्क्यामागे ज्यांचे फोटो काढत बसले, त्यांच्या डोक्यावर थी उरलेलीच नव्हती. ही किणकिण सगळी त्या सोनेरी रंगवाल्यांची. मध्येच आत्याचा आवाज आहे, “माझ्या चपला कुठे ठेवल्यास गं?”