सुभेदारांच्या बुलेटचा पुढचा ब्रेक

निवृत्त सुभेदारांनी त्यांची 1974 सालची साडेतीनशेची बुलेट गॅरेजच्या दारात मेन स्टँडला लावली, तेव्हा तिच्या मागच्या ड्रमला, म्हणजे चाकाच्या मध्यातल्या ब्रेकच्या गोल डब्याला, जळका वास येत होता. ते पत्नीला मागे बसवून कासहून परत येत होते. यवतेश्वरचा घाट उतरताना एका वळणाच्या पुढे एसटी उभी दिसली, त्यांनी ब्रेकवर पाय दिला आणि पेडल नेहमीपेक्षा खोल गेले, पण गाडी काही थांबेना. रस्त्याकडेच्या चारीच्या काठावर चाक घासत ती कशीबशी उभी राहिली. "मेस्त्री, मंडळी मागे होत्या. आयुष्यात पहिल्यांदा हात थरथरले. पुढे डिस्क बसवून टाका," एवढेच ते म्हणाले.

पुढचा ब्रेक किती दाबला होता, असे मी विचारले. त्यांनी तो दाबलाच नव्हता. पुढचा ब्रेक दाबला की माणूस हँडलवरून फेकला जातो, ही समजूत आपल्याकडे इतकी पक्की आहे की जन्मभर केवळ मागच्या ब्रेकवर गाडी चालवणारे लोक मला दर आठवड्याला भेटतात. ब्रेक लावताच गाडीचा भार पुढच्या चाकावर येतो आणि मागचे चाक हलके पडते, म्हणून थांबवण्याचे खरे काम पुढच्या चाकाकडून व्हायला हवे. घाटाच्या उतारावर तर हा भार आधीपासूनच पुढे सरकलेला असतो. दोन माणसे धरून तीनशे किलोच्या आसपास वजन त्या एका मागच्या सहा इंची ड्रमने घाटभर पेलले होते. तो तापून निकामी झाला, यात नवल नव्हते.

पुढचे चाक उतरवून मी ब्रेक प्लेट बाहेर काढली. तिच्यावर दोन अर्धगोल शू असतात. ब्रेक दाबला की कॅम नावाचा लहान तुकडा फिरून त्यांना फाकवतो आणि शूंवरचे लायनर ड्रमला आतून घासतात. जुन्या लायनरमध्ये फुफ्फुसांना घातक असे ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो, म्हणून ती धूळ मी हवेने कधीच उडवत नाही, ओल्या फडक्याने पुसून घेतो. पुसल्यावर जे दिसले, त्याने मला घाटातल्या प्रसंगापेक्षा जास्त भीती वाटली. लायनर झिजले तेव्हा कोणीतरी नवे घालण्याऐवजी कॅमवरचा लिव्हर काढून एक दाता मागे बसवला होता. त्यामुळे हाताला ब्रेक ताठ लागत होता, पण आत कॅम गरजेपेक्षा फार फिरत होता. लायनर आणखी थोडे झिजले असते, तर कॅम पूर्ण आडवा होऊन शू उघडेच राहिले असते आणि पुढचे चाक जागीच जाम झाले असते. सुभेदारांनी त्या घाटात पुढचा ब्रेक जोरात दाबला नाही, याबद्दल मी मनातल्या मनात देवाचे आभार मानले.

डिस्कला मात्र मी नकार दिला. पुढचे चाक धरणाऱ्या त्या जुन्या फोर्कच्या नळीवर कॅलिपर, म्हणजे डिस्क दाबणारा चिमटा, धरायला जागा नाही, आणि पन्नास वर्षांच्या नळीला पट्टी वेल्डिंग करून त्यावर दोन जिवांचा भार टाकायला माझे मन धजत नाही. त्याऐवजी त्याच कंपनीच्या पुढच्या काळातील बुलेटचा सात इंची, दोन कॅमचा ब्रेक बसवायचे ठरले. जुन्या ब्रेकमध्ये कॅम एकच असतो. फिरणारा ड्रम एका शूला स्वतःकडे ओढून घेतो, म्हणून तो आपोआप जास्त घट्ट बसतो. दुसऱ्याला मात्र ड्रम मागे ढकलत राहतो. दोन कॅमच्या ब्रेकमध्ये दोन्ही शू ओढले जातात. शिवाय ड्रमचा व्यास इंचाने वाढला की तेवढ्याच जोराला एक षष्ठांश पकड जास्त मिळते. हे सगळे त्यांना समजावताना एक गोष्ट मी दोनदा सांगितली: चढावर गाडी मागे सरकू लागली, तर हाच ब्रेक दुबळा पडतो, तेव्हा तिथे मागचा ब्रेक धरायचा.

ड्रमसकट हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, मिळाला, टर्नरकडून ड्रम आतून लेथवर कातून साफ करून घेतला, नव्या आऱ्या भरल्या, एकोणीस इंची रिंगचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढला. ड्रममध्ये खडू घासून शू फिरवले आणि ज्या उंचवट्यांवर पांढरे उमटले तेवढेच कानशीने उतरवले. लायनरची पुढची कडही तिरपी केली, म्हणजे ब्रेक एकदम चावत नाही. दोन्ही लिव्हर जोडणाऱ्या दांडीची लांबी जुळवायला मला अर्धा तास लागला, कारण दोन्ही शू एकाच क्षणी टेकले नाहीत तर दोन कॅमचा ब्रेक एका कॅमच्याही लायकीचा राहत नाही. शेवटी ब्रेक घट्ट धरून ठेवून एक्सलचा नट आवळला, म्हणजे प्लेट ड्रमच्या मध्यावर आपोआप बसते.

संध्याकाळी मी चाचणीला निघालो, तर लिव्हर माझ्या बोटांखाली धडधडत होता. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला दोनदा पकड, दोनदा ढील. परत येऊन बारीक फरक दाखवणारे डायल गेज लावले, तेव्हा ड्रम अंडाकृती झालेला आढळला. ही चूक सर्वस्वी माझी होती. मी ड्रम आऱ्या भरण्याआधी साफ करून घेतला होता. आऱ्यांचा ताण चढल्यावर त्यांनी हबला ओढून त्याचा आकार बिघडवला. हे मला माहीत होते, तरी गाडी शनिवारी देण्याच्या घाईत मी क्रम बदलला. रात्री सुभेदारांना फोन करून ही गोष्ट जशीच्या तशी सांगितली आणि आणखी दोन दिवस मागून घेतले.

भरलेले चाक आमच्या टर्नरच्या लेथवर बसेना, रिंग लेथच्या खालच्या बेडला अडत होती. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात बेडचा एक तुकडा काढून मोठ्या चाकाला जागा करता येणारा मोठा लेथ होता. तिथे टायर उतरवलेले चाक एक्सलच्या बेअरिंगवर मध्य धरून लावले आणि टर्नरने जेमतेम केसाएवढा काप घेतला. पहिल्या फेऱ्यात टूल ड्रमच्या दोनच बाजूंना लागले आणि मधला भाग काळाच राहिला. बिघडलेला आकार मी डोळ्यांनी पाहिला. तिसऱ्या कापाला संपूर्ण ड्रम एकसारखा चकाकला. त्या मापाला शू पुन्हा खडूने जुळवले, नवी केबल घातली आणि शू टेकताना केबल व कॅमवरचा लिव्हर यांच्यात काटकोन होईल अशी मांडणी केली.

गॅरेजमागच्या मोकळ्या रस्त्यावर मी खडूची रेघ ओढली. ताशी 40 किलोमीटर वेगाने येऊन केवळ मागच्या ब्रेकने सुभेदार थांबले, तेव्हा रेघेपासून अठ्ठावीस पावले मोजली. मग पुढचा ब्रेक आधी हळू आणि मग वाढत्या जोराने दाबायचा, हे त्यांच्याकडून दहा वेळा करून घेतले. लायनर अजून पूर्ण बसलेले नव्हते, तरी दोन्ही ब्रेकांनी गाडी सोळा पावलांत उभी राहिली.

महिन्याने ते पुन्हा आले, मंडळींना घेऊनच, कासवरून उतरत. गाडी उभी करताच त्यांनी वाकून हाताची पाठ आधी मागच्या ड्रमजवळ धरली, मग पुढच्या. "मेस्त्री, आता पुढचा जास्त गरम आहे," ते म्हणाले. मी केबलला पाव फेरा ताण दिला आणि लायनर बसल्यामुळे वाढलेली ढील काढून टाकली.