वापरून सैल होतील

दुपारी कुणाची तरी वाट बघत बसलो होतो. समोरचे गृहस्थ पायावर पाय टाकून पेंगत होते आणि त्यांचा बूट माझ्या नाकासमोर डुलत होता. तपकिरी, घोट्याच्या वर चार बोटं. चवडा वाकतो नेमक्या त्या जागी दोन-तीन बारीक सुरकुत्या. गृहस्थ कोण, काय करतात, काही ठाऊक नाही. पण बूट पायाला बसलाय, एवढं मी पैजेवर सांगितलं असतं.

ही खोड जुनी आहे. चेहऱ्याआधी माझी नजर पायांकडे जाते. सुरकुती बोटांकडे सरकलेली असली की बूट लांबीला जास्त. खोल घडी पडून चामडं आत दबलेलं असलं की रुंदीला जास्त. आणि घडीवर पापुद्रे सुटू लागले असतील तर चामड्याचा वरचा थर घासून त्यावर रंगाचा लेप चढवलेला. फुल-ग्रेन चामड्यावर तो थर शाबूत असतो, म्हणून त्यावर काट्याचा ओरखडा, गोचिडीची खूणही राहते. गिऱ्हाईक ती बघून नाक मुरडतं. मला तर असा एखादा डाग दिसला की हायसं वाटतं: जनावर खरं होतं!

विक्रेत्याचं लाडकं वाक्य, ‘वापरून सैल होतील.’ अर्धं खरं आहे. चामडं रुंदीला सैलावतं, लांबीला नाही. अंगठा पुढे टेकला तो टेकलाच. ब्रिटिश मापात एका नंबरचा फरक इंचाचा तिसरा भाग, जेमतेम साडेआठ मिलिमीटर. पण बूट चावायला तेवढं पुरतं. म्हणून मी बूट बघायला संध्याकाळी जातो, पाय दिवसभरात फुगलेले असतात तेव्हा. जाड मोजे घालून, दोन्ही पायांत चढवून, कारण सख्खी असली तरी दोन्ही पावलं सारखी नसतात. नव्या कडक तळावर टाच किंचित उचलली तर हरकत नाही. करंगळी दबली तर उठावं आणि निघावं. वेल्टची, म्हणजे वरचं चामडं आणि तळ जोडणाऱ्या कडेच्या पट्टीची, शिलाई असलेल्या बुटात आतल्या तळाखाली बहुतेक बुचाचा थर असतो. तो हळूहळू दबत दबत मालकाच्या पावलाचा आकार घेतो. त्यामुळे दुसऱ्याचा मुरलेला बूट आपल्याच नंबरचा असला तरी परकाच लागतो.

खरं तर एवढा विचार करून बूट कोण घेतं? आधी रूप आवडतं, मग पाय त्यात कोंबला जातो. ज्यांच्या पायाची कमान उंच, त्यांना नाड्यांचे पदर मोकळे उघडणारा डर्बी घाट सोयीचा. प्रशियाचा सेनापती ब्लूशर यानं सैन्यासाठी असेच बूट वापरल्याचं सांगतात. त्या घाटाच्या एका प्रकाराला त्याचंच नाव आहे.

आणि चेल्सी. बाजूला रबरी पट्टी, नाडी नाही, पाय घातला की निघालो. व्हिक्टोरिया राणीच्या काळापासूनची युक्ती. दिसतात देखणे, वादच नाही. पण माप चुकलं तर आवळायला काही नाही, आणि पट्टी ढिली पडली की सगळा डौल गेला. शिवाय मला सकाळी वाकून नाड्या बांधायला आवडतं. गुडघे कुरकुरायला लागले की बघू चेल्सीचं.