करमत नाही

आज घर सोडून १९ दिवस झाले. रात्रीचे पावणेबारा वाजलेत. झोप येत नाही, म्हणून वही उघडली.

काल मध्यरात्री पाणी प्यायला उठले. अंधारात हात आपोआप दाराच्या डाव्या बाजूला गेला. भिंत चाचपली, काहीच नाही. इथलं बटण उजवीकडे आहे. हे मला माहीत आहे, हाताला अजून माहीत नाही. घरी कसं, डोळे मिटून सगळं जमायचं. जिन्याची कुठली पायरी करकरते, बाथरूमची कडी जरा उचलून कशी लावायची, बाबा पाणी प्यायला उठलेत की आई, हे नुसत्या चपलांच्या आवाजावरून कळायचं. हे सगळं कधी शिकले, देव जाणे. सामान दोन बॅगांत आलं, हे मात्र तिथेच राहिलं.

पहिल्या रात्री तर डोळाच लागला नव्हता. जरा खुट्ट झालं की जाग. मला वाटलं, मीच भित्री. नंतर वाचलं की नव्या जागी पहिल्या रात्री मेंदूचा एक अर्धा भाग, बहुतेक डावा, गाढ झोपेतही दुसऱ्याइतका झोपत नाही. पहाऱ्यावर असतो म्हणे. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी हे मोजून दाखवलं. काही दिवसांनी तीच माणसं त्याच जागी पुन्हा झोपली, तेव्हा हा फरक उरला नव्हता. वाचून बरं वाटलं. माझा पहारेकरी जरा जास्तच इमानी निघाला, एवढंच.

त्याच नादात आणखी एक सापडलं. घराच्या ओढीला 'नॉस्टॅल्जिया' हे नाव १६८८ मध्ये योहानेस होफर नावाच्या स्विस मुलाने दिलं, वैद्यकाच्या प्रबंधात, चक्क आजार म्हणून. ग्रीकमधले दोन शब्द जोडले: परतणं आणि वेदना. त्याने लिहिलेला एक रुग्ण म्हणजे बर्नहून बाझेलला शिकायला आलेला विद्यार्थी. अगदी मरणाला टेकलेला. घरी न्यायचं ठरलं आणि वाटेतच तो सुधारू लागला! होफर तेव्हा जेमतेम १९ वर्षांचा. मला दाट संशय आहे की त्यालाही करमत नसणार.

करमत नाही. किती बरोबर शब्द आहे. 'मी करमते' असं कुणी म्हणत नाही, 'मला करमतं' किंवा 'मला करमत नाही' एवढंच. म्हणजे यात मी काही करायचंच नाही, ते व्हायचं तेव्हा होणार. आणि मी गेले १९ दिवस ते जोर लावून करायला बघतेय! खोली आवरली, भिंतीवर फोटो लावले, वेळापत्रक केलं. दिवसभर कामात काही जाणवत नाही. मोकळा वेळ मिळाला, विशेषतः संध्याकाळी, की पोटात खड्डा.

फोनचं तर उलटंच. बोलताना हसते, ठेवला की जास्त तुटतं. पहिल्या आठवड्यात दिवसातून चार चार वेळा करायचे. आता रात्री एकदाच, आणि फोन झाला की खोलीत बसायचं नाही, खाली एक चक्कर मारून यायचं. एवढी एक युक्ती तरी लागू पडलीय. दोन्हीकडून थापा ठरलेल्या. "जेवलीस?" "हो." "झोप लागते ना?" "हो गं." तिकडे बाबा मागून ओरडणार, "इकडे सगळं मस्त चाललंय, काळजी करू नकोस!" त्यांना मोठ्याने बोलायची सवय नाही, म्हणून लगेच कळतं.

माझ्या खोलीत रेंज कधीच नसायची. किती वर्षं भांडले त्यावरून, प्रत्येक फोनला गॅलरीत जाऊन उभी राहायचे, पावसातसुद्धा.

आज आईचा आवाज सारखा तुटत होता. विचारलं, कुठून बोलतेयस?

"तुझ्या खोलीतून," म्हणाली. "इथे रेंज चांगली येते."