पेटी, कीबोर्ड आणि दानपेटी : मंडळीतली फूट सांधताना

चर्चच्या मंडळीत दोन तट पडतात ते त्रैक्यावरून, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या शिकवणीवरून, क्वचितच. पुण्यातल्या आमच्या मंडळीत कारणं तीन होती : पेटी की कीबोर्ड, प्रभुभोजनाला (येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेतात तेव्हा) एकच प्याला की छोटे छोटे, आणि दान मोजतं कोण. नगर, जालना, कोल्हापूरकडून आलेली घरं, प्रत्येकाच्या मागे वेगळं मिशन, म्हणजे वेगळ्या मिशनऱ्यांची परंपरा. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात वेगवेगळ्या परंपरांच्या सहा चर्च-संस्था मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं खरं, पण गुडघे टेकायचे की बाकावर बसूनच घ्यायचं, हे घराघरात आजीनं शिकवलं तेच राहिलं.

समेटासाठी आम्ही राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतचा उपवासकाळ धरला. क्रम बायबलमधल्या मत्तय 18:15-17 चा : आधी एकट्यानं जाऊन बोलायचं, मग एक-दोघांना घेऊन, मग मंडळीपुढे. आपल्याकडे लोक पहिल्या दोन पायऱ्या गाळून थेट व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात जातात. म्हणून गटावर फक्त सूचना ठेवल्या. पहिली भेट समोरच्याच्या घरी, फोनवर नाही. दुसऱ्या भेटीत दोन्ही बाजूंचा एकेक आणि दोघांनाही चालेल असा तिसरा. पाळकसाहेबांना, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंना, इथे आणायचं नाही. ते आले की निकाल लागल्यासारखं होतं. एका बैठकीत एकच विषय, आणि समोरच्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत लिहून त्याला वाचून दाखवायचं. निम्मं भांडण तिथेच उतरतं. मतदान मात्र घेऊ नये, हरलेली बाजू आकडा विसरत नाही.

गाण्यांचा गुंता सगळ्यांत शिकवून गेला. ज्येष्ठांना नवी गाणी आवडत नाहीत असं तरुण संघ धरून चालला होता. खरी अडचण पट्टीची. यूट्यूबवरच्या गायकाच्या पट्टीत गाणं उचललं की अंतरा इतका वर जातो की बाकांवर सगळे गप्प, उरतो फक्त माइक. कीबोर्डवर ट्रान्सपोजचं बटण असतं. दोन-तीन स्वर खाली आणल्यावर तेच गाणं मागच्या बाकावरून ऐकू यायला लागलं. आता पाच गाण्यांपैकी पहिलं आणि शेवटचं जुन्या गीतपुस्तकातून, नुसत्या पेटीवर. मधली दोन तरुणांची, एक रविवार शाळेतल्या मुलांचं. पडद्यावर शब्द असले तरी क्रमांक आणि पहिली ओळ मोठ्यानं सांगायची, कारण पुस्तक उघडणारे उघडतातच.

दानाचं सोपं होतं, फक्त कुणी करत नव्हतं. उपासना संपताच, दार उघडं ठेवून, एकमेकांच्या नात्यात नसलेले तिघे मोजतात. किती रुपयांच्या किती नोटा ते कागदावर, खाली तीन सह्या, सोमवारी बँकेत भरणा, पुढच्या रविवारी आकडा फलकावर. मोजणारे दर महिन्याला बदलतात. खजिनदारानं पिशवी घरी नेऊन मोजली, तर तो कितीही प्रामाणिक असो, कुजबुज होणारच.

प्याल्याचं : दोन्ही ठेवले, आदल्या रविवारी सांगितलं. झालं.

घरसभा, म्हणजे घरोघरी जमून करायच्या प्रार्थना, आधी फसल्या. चिठ्ठ्या टाकून आठ-आठ घरांचे गट केले, आणि पिंपरीची माणसं शुक्रवारी संध्याकाळी सातला हडपसरला पोचेनात. मग शेजारशेजारचे भाग जोडून गट पाडले : वडगाव शेरी-खराडी, खडकी-बोपोडी. दुसरी चूक खाण्याची. पहिल्या घरी पोहे, दुसऱ्या घरी समोसे, तिसऱ्या घरी बिर्याणी; चौथं घर म्हणालं, ‘आमच्याकडे नको, मुलांच्या परीक्षा आहेत.’ तेव्हापासून चहा-बिस्किटं, त्यावर काही नाही.

वेळेचं अजून अडलंय. साडेआठची मराठी उपासना दहाला संपली नाही, तर इंग्रजी उपासनेची माणसं पायऱ्यांवर ताटकळतात. सूचना तीन मिनिटांत आटपायच्या असं ठरलं आहे. सेक्रेटरीसाहेब सध्या सातवर आले आहेत.