बैलाला लागलेली कसर

अळीचं घर मधोमध हिरवं होतं आणि दोन्ही टोकांना पांढरं. दुकानदाराने ते भिंगातून नीट पाहिलं, मानही हलवली, आणि तरी म्हणाला, तुमचे लोकरीचे बैल परत घेऊन जा. पोळा होऊन गेला, गणपती येऊन गेले, पण ही गोष्ट डोक्यातून जात नाही, म्हणून लिहायला बसले.

मी इंदूरला लोकरीच्या छोट्या आकृत्या करते, नमद्याच्या. आजकाल सगळे फेल्ट म्हणतात. पोळ्याला बैल, हादग्याला हत्ती, दिवाळीच्या किल्ल्यावर मावळे, संक्रांतीला सुगडं घेतलेल्या बायका. लोकांना वाटतं हे भरतकामासारखं काहीतरी असेल. आमच्या सुईला नेढंच नसतं, दोरा नसतो. तिच्या धारांवर बारीक खाचा असतात. टोचलं की लोकरीचे तंतू त्या खाचांत धरून आत ओढले जातात. लोकरीच्या प्रत्येक तंतूवर खवले असतात, ते एकमेकांत गुंतत जातात आणि मऊ पुंजक्याचा घट्ट गोळा होतो. सुरुवातीला 36 नंबरची जाड सुई, डोळे-नाकपुड्यांना 40 नंबरची. सुई तिरकी घुसवून सरळ काढली की मोडते, आणि मोडलेलं टोक शोधून काढल्याशिवाय ती आकृती कुणाच्या हातात द्यायची नसते. मुलांच्या हातात जाणारी वस्तू आहे.

लोकर मारवाडच्या मेंढपाळांकडून घेते. ते कळप घेऊन माळव्यात उतरतात. ही लोकर जाड असते, तिला मेरिनो मेंढीच्या लोकरीचा मऊपणा नाही, पण बैलाचा पाय चार वर्षं ताठ उभा राहतो तो तिच्यामुळेच. ती गरम पाण्यात रिठ्याने धुवायची आणि धुताना अजिबात चोळायची नाही, नाहीतर तिथेच तिचा नमदा होतो. आतलं भरण जुन्या स्वेटरांचं, बोहारणीकडून घेतलेल्या. प्रत्येक स्वेटरचा एक धागा जाळून बघते. केस जळल्याचा वास आला आणि राख बोटाने चुरली, तर लोकर. वितळून काळा टणक मणी झाला, तर ॲक्रिलिक. बहुतेक ॲक्रिलिकच निघतात, ‘प्युअर वूल’चं लेबल असलेलेसुद्धा. खरी लोकर निघाली की ते स्वेटर 60 अंशांच्या पाण्यात आटवते. कसरीची, म्हणजे लोकर खाणाऱ्या किडीची, अंडी त्या उष्णतेला टिकत नाहीत. पुढे हे महत्त्वाचं ठरलं.

बैलांबद्दल जरा जास्त लिहिणार आहे. माळवी बैल पांढराशुभ्र नसतो. अंग पांढरट-करडं, मान, खांदा आणि वशिंड काळपट, शिंगं बाहेर वळून वर जाणारी. तो काळपटपणा मी काळ्या मेंढीच्या लोकरीने आणते, रंग लावत नाही. वशिंडाचा गोळा वेगळा घट्ट करून खांद्यावर बसवते, कारण अंगातूनच ओढून काढलेलं वशिंड थोड्या दिवसांत खाली बसतं. निमाडी बैल तांबडा, अंगावर पांढरे डाग. त्याचा रंग मंजिष्ठेचा आणि कांद्याच्या सालींचा, तुरटी घालून. साली कोपऱ्यावरचा पोहेवाला पोतं भरून देतो. झूल फाटलेल्या महेश्वरी साडीच्या काठाची. आणि गिऱ्हाईक येऊन विचारतं, पूर्ण पांढरा, जरा गोंडस नाही का? ज्या प्रांतात राहता तिथला बैल ओळखत नसाल तर मी काय करावं? मी पांढरा करत नाही.

तर, आषाढात शहरातल्या एका चांगल्या चालणाऱ्या दुकानाला 40 जोड्या दिल्या. पोळा आठवड्यावर आला आणि फोन आला, तुमच्या बैलांना कीड लागली आहे. मी आणि माझ्याकडे लोकर पिंजणाऱ्या मावशी, दोघी गेलो. बैल उलटे केले तर पोटं खाल्लेली. वरून काही कळत नव्हतं. कसर नेहमी अंधारात, टेकलेल्या बाजूने खाते. खाते ती अळी, उडणारा पतंग काही खात नाही, हेही लोकांना सांगावं लागतं.

मावशींनी एका बैलाच्या मांडीवरून सेंटीमीटरभर लांबीची नळी उचलली आणि म्हणाल्या, “ताई, ही घर घेऊन हिंडणारी आहे.”

कसरीची ही जात जे खाते त्याच्याच तंतूंचं घर विणते आणि ते अंगावर घेऊन फिरते. अळी वाढते तसं घर दोन्ही टोकांना वाढवत नेते. म्हणजे मधला भाग सगळ्यात जुना, टोकं नवी. बऱ्याच नळ्या भिंगाखाली घेतल्या. मधोमध हिरवं, टोकांना पांढरं किंवा करडं. अळी हिरव्या लोकरीत जन्मली आणि मोठी होऊन माझ्या बैलांवर आली. मी हिरवा रंग क्वचित करते, आणि केला तरी झेंडूच्या पिवळ्यावर निळीचा हात देऊन, तो शेवाळी उतरतो. हा हिरवा भडक होता.

मी दुकानाचे खण उघडायला लावले. प्रत्येक खणाच्या तळाशी हिरवं कापड चिकटवलेलं. कुठल्याशा क्लबने बिलियर्डच्या टेबलाचं कापड बदललं, तेव्हा जुनं यांनी आणलं होतं. ते लोकरीचंच असतं. टाकाऊतून टिकाऊ म्हणून त्यांना त्याचं फार कौतुक, भिंतीवर तसा फलकही लावलेला. कल्पना मला आवडली असती. पण जुनी लोकर घरात घेताना ती आधी तापवायची किंवा गोठवायची असते, हे पुनर्वापराच्या कुठल्याही कार्यशाळेत मी ऐकलेलं नाही. तिथे फक्त सजावट शिकवतात. कापडाची कड उचलली. खाली खसखशीएवढी हिरवी विष्ठा आणि रिकामी घरं पसरली होती.

दुकानदार शांतपणे म्हणाला, “मॅडम, कीड़ा ऊन में ही लगा ना? ऊन तो आपका है।”

कीड लोकरीलाच लागली ना, आणि लोकर तर तुमची, असं त्याचं म्हणणं. यावर मी काय बोलायला हवं होतं, हे अजून ठरवते आहे. लोकर मेंढीच्या अंगावरची, तिला कसर लागू शकते, हे खरंच. नैसर्गिक वस्तू हवी म्हणणाऱ्यांना ते मी आधीच सांगते, आणि त्यांना डांबरगोळ्याही नको असतात. कडुनिंबाची पानं ठेवली की झालं, असं सगळे म्हणतात, पण आत शिरलेली अळी पानांनी मरत नाही. तरी ही कसर कुठून आली ते त्याच्या डोळ्यांसमोर होतं. पैसे मिळाले नाहीत. खाल्लेले बैल जाळले, उरलेले ओळखीच्या आइस्क्रीमवाल्याच्या डीप फ्रीजरमध्ये ठेवले. पोळ्याच्या दिवशी ते तिथेच होते, आणि पोळ्यानंतर पोळ्याचा बैल कुणी घेत नाही.

पैशांचं एक वेळ सोडून देईन. पण काही जोड्या माझा फोन वाजण्याआधीच विकल्या गेल्या होत्या. कुणाला, ते मला माहीत नाही. दुकानदाराकडे बिलांवर नंबर आहेत. मी हात जोडून म्हटलं, फक्त कळवा, एवढं करा. नाही म्हणाला, दुकानाचं नाव खराब होईल. ते बैल आता कुणाच्या तरी कपाटात शालींच्या, गरम कपड्यांच्या शेजारी उभे असतील.

म्हणून ज्यांनी यंदा इंदूरला काळ्या मानेचा, महेश्वरी काठाची झूल घातलेला लोकरीचा बैल घेतला असेल, त्यांनी तो उजेडात उलटा करावा. पोट आणि खुरांच्या मध्ये बघावं. नळी दिसो वा न दिसो, बैल प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे 18 अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये 14 दिवस ठेवावा. साधा फ्रिज चालणार नाही. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नये, आतला गारवा पूर्ण जाऊ द्यावा, नाहीतर लोकर दमट होते. ज्या कपाटात बैल होता तिथल्या शाली झटकून उन्हात घालाव्यात, कोपरे झाडून घ्यावेत. पोट खाल्लेलं असेल तर बैल गोठवून झाल्यावर मला पाठवा, मी नवं पोट बसवून देईन. त्याचे पैसे घेणार नाही.